कवटी न उघडता : मेंदूच्या चित्रणाचा इतिहास

घरातील वडीलधारे माणूस नुकतेच जेवून पुन्हा ताट मागू लागले, की आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. तरुण मुलगा महिनोन्महिने उदास बसला, की त्याला आळशी ठरवतो, किंवा बाहेरची बाधा समजून तावीज बांधतो. दोन्ही ठिकाणी अडचण एकच असते. आत काय बिघडले आहे ते दिसत नाही. ही अडचण माणसाने कसकशी दूर केली व ती कोठे अद्याप शिल्लक आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात विषण्णतेचा विचार 'मालीखोलिया' या नावाने, एक शारीरिक विकार म्हणून केला. स्मृतीचे स्थान त्यांनी मेंदूच्या मागील पोकळीत मानले. ते स्थान पुढे चुकीचे ठरले. परंतु मनाच्या आजाराचे मूळ देहात शोधावे ही दृष्टी मोलाची होती.

पुढे कित्येक शतके जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याचा मार्गच नव्हता. १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंशाच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील दोष दाखवले, तेही तिच्या मृत्यूनंतर. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून सुई घालून थोडे द्रव काढले, तेथे हवा भरली आणि क्ष-किरणांनी मेंदूतील पोकळ्यांचे चित्र घेतले. या तपासणीनंतर रुग्णाला असह्य डोकेदुखी व वांत्या होत. तरीही ती सुमारे पन्नास वर्षे चालू राहिली, कारण दुसरा उपाय नव्हता.

इजा न करता मेंदूचा वेध घेण्याचे मोठे पाऊल हान्स बर्गर यांनी टाकले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची नोंद केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पण तो आलेख होता, चित्र नव्हे. खरे चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात उमटले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने क्ष-किरणांच्या अनेक मोजमापांतून मेंदूचा आडवा छेद दाखवला. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळाले. १९७६ मध्येच ईव्ह जॉनस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राने दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोजल्या आणि त्या मोठ्या असल्याचे दाखवले. मनाच्या आजाराचा देहातील पुरावा असा जिवंत माणसात मिळू लागला.

त्यानंतर क्ष-किरणांवाचून, चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारे एम. आर. आय. यंत्र आले. पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना त्याबद्दल २००३ साली नोबेल मिळाले. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग काम करीत आहे ते ओळखण्याची वाट दाखवली.

आपल्या महाराष्ट्राचा वाटाही यात आहे. परळ येथील किरणोत्सारी वैद्यक केंद्रात २००२ साली भारतातील पहिले पेट स्कॅन यंत्र सुरू झाले. या तपासणीत किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग साखर कमी वापरतो, तो चित्रात मंद दिसतो. ही साखर दर ११० मिनिटांनी निम्मी क्षीण होते. परळहून नाशिकला यायला पावणेचार तास लागले, तर जेमतेम चौथाई उरेल! म्हणून ती बनवणारे सायक्लोट्रॉन जवळपास असावे लागते, नाहीतर तितकी जास्त मात्रा पाठवावी लागते.

मग चित्र काढले की निदान झाले काय? स्मृतीच्या तक्रारीत चित्राचा उपयोग मोठा आहे. मेंदूवर साकळलेले रक्त, गाठ किंवा साचलेले पाणी दिसले, तर शस्त्रक्रियेने माणूस पुष्कळदा सुधारतो. उदासीनतेची गोष्ट निराळी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे १,७०० रुग्ण व ७,००० निरोगी माणसे यांची चित्रे ताडून पाहिली. स्मृतीशी निगडित 'हिप्पोकॅम्पस' हा भाग रुग्णांत सरासरीने किंचित लहान आढळला. पण फरक इतका थोडा, की एकट्या माणसाचे चित्र पाहून त्याला उदासीनता आहे की नाही, हे सांगता येत नाही.

म्हणून 'स्कॅन स्वच्छ आला, म्हणजे हा ढोंग करतो' असे म्हणणे अज्ञानाचे आहे, अन्यायाचेही आहे. उदासीनतेचे निदान आजही डॉक्टर रुग्णाशी बोलून, त्याची झोप, भूक, उमेद यांची विचारपूस करूनच करतात; आणि औषधांनी व समुपदेशनाने बहुतेकांना आराम पडतो. विज्ञानाने कवटीची भिंत पारदर्शक केली. पण घरात कोण गप्प झाले आहे, कोण विसरू लागले आहे, हे प्रथम घरच्यांनाच दिसते. ते दिसताच डॉक्टरांकडे नेणे एवढे आपल्या हाती आहे, आणि त्यात विलंब होता कामा नये.