तळटीप : सहसंबंध गुणांक
* लेखक इथे कार्ल पिअर्सन यांचा गुणांक वापरतात. त्याची किंमत −१ ते +१ यांदरम्यान असते. ती शून्य आली म्हणजे दोन चलांत नातेच नाही, असे नव्हे. हा गुणांक फक्त सरळ रेषेतले नाते मोजतो. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांचा गुणांक सुमारे ०.८१६. आलेख काढले की एकात रेषेभोवती विखुरलेले बिंदू, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात रेषेबाहेर पडलेला एकच बिंदू. चौथा मला सर्वात बोलका वाटतो : दहा बिंदू एका उभ्या ओळीत आणि सारा सहसंबंध एकट्या अकराव्याच्या जिवावर! पुढील कोष्टके वाचण्याआधी वाचकांनी प्रत्येक जोडीचा आलेख स्वतः काढून पाहावा, ही विनंती. — संपा.