हिंसाचार : नैतिक ऱ्हास की मनोविकार?

ठाण्यातील कासारवडवली येथे फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस एका तरुणाने मेजवानीच्या निमित्ताने घरी जमलेल्या आईवडील, पत्नी, मुले, बहिणी व भाचरे अशा १४ जणांची एका रात्रीत हत्या केली आणि स्वतः गळफास घेतला. एक बहीण तेवढी वाचली. पुढील काही दिवस या हत्याकांडाची कारणे रोज नवी निघत राहिली. कोणी कर्जाकडे बोट दाखविले, कोणी जादूटोण्याकडे, तर कोणी मानसिक आजाराकडे. हत्या करणाराच जिवंत नसल्याने या तर्कांची न्यायालयात उलटतपासणी कधीच झाली नाही.

अशा घटनांनंतर दोन उत्तरे समाजाच्या हाताशी तयार असतात. एक म्हणजे 'माणुसकी उरली नाही' आणि दुसरे म्हणजे 'तो वेडाच असला पाहिजे'. पहिल्या उत्तरात सगळ्या समाजालाच दोषी धरले जाते. दुसऱ्यात गुन्हेगाराला समाजाबाहेर काढून टाकले जाते. दोन्ही उत्तरांनी मनाचे समाधान होते. ती पुराव्यावर कितपत टिकतात, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

मनोविकाराचा मुद्दा ठाणेकरांना परका नाही. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे असून त्याच्या मंजूर खाटा १,८५० आहेत. येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यात अशी चार शासकीय मनोरुग्णालये आहेत. 'याला ठाण्याला पाठवा' हा शेरा मुंबईत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वेड आणि धोका यांची सांगड या शेऱ्यातच घातलेली आहे.

संशोधनातून दिसणारे चित्र निराळे आहे. अमेरिकेतील जेफ्री स्वॉन्सन यांनी सुमारे १० हजार नागरिकांच्या पाहणीवरून १९९० च्या दशकात मांडलेला निष्कर्ष आजही आधारभूत मानला जातो. गंभीर मनोविकार पूर्णपणे नाहीसे झाले, तरी समाजातील हिंसाचार जेमतेम ४ टक्क्यांनी घटेल, असा त्याचा अर्थ होतो. रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा मॅकआर्थर प्रतिष्ठानच्या साहाय्याने अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यसन नसलेले रुग्ण आणि व्यसन नसलेले त्यांचे शेजारी यांच्या हिंसक वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही. छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनियात धोका काहीसा वाढतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या वाढीचा मोठा भाग दारू व अमली पदार्थांमुळे असतो आणि उपचार सुरू राहिल्यास धोका कमी होतो. मनोरुग्ण हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता अधिक असते.

कायद्याने हा भेद फार पूर्वीच केला आहे. लंडनमध्ये १८४३ साली पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाची हत्या करणाऱ्या डॅनियल मॅकनॉटन याच्या खटल्यातून जे नियम निघाले, तेच भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये उतरले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. आजार असणे येथे पुरेसे नाही. कृत्य करताना त्याचे स्वरूप किंवा ते चूक असल्याचे आरोपीला कळत नव्हते, हे दाखवावे लागते आणि ते दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर असते. रामन राघवच्या प्रकरणात ही रेषा किती बारीक आहे ते दिसले. मुंबईत झोपलेल्या माणसांना ठार मारणाऱ्या या इसमाला १९६८ मध्ये पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने छिन्नमनस्कतेचे निदान केले आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला.

याउलट पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड. १९७६-७७ मध्ये दहा जणांचे प्राण घेणारे चौघे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. क्रौर्य भयानक असले की त्यामागे आजार असलाच पाहिजे, असे नाही.

कल्याण पूर्वेत डिसेंबर २०२४ मध्ये एका बालिकेचे अपहरण करून तिची हत्या झाली, तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूने पुढे आला. मुख्य आरोपीवर आधीचे गुन्हे होते आणि मानसिक आजाराच्या प्रमाणपत्रांच्या आधारे त्याने जामीन मिळविल्याचा आरोप झाला. एप्रिल २०२५ मध्ये तळोजा कारागृहात त्याचा मृत्यू झाल्याने त्याच्यापुरता खटलाच संपला. अशा प्रमाणपत्राचा दुरुपयोग झाला की संशयाची नजर वळते ती खऱ्या रुग्णांकडे.

मग नैतिक ऱ्हास? या मताचा उच्चार डोंबिवलीत विशेष होतो, कारण सुसंस्कृत नगरी ही या शहराची स्वतःविषयीची प्रतिमा आहे. डिसेंबर २०१० मध्ये मैत्रिणीची छेड काढणाऱ्यांना हटकले म्हणून येथे एका १९ वर्षीय विद्यार्थ्याला अल्पवयीन मुलांनी भोसकून ठार केले. त्याच महिन्यात शेजारच्या ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीतील १५ वर्षांच्या मुलीवर अनेक महिने सामूहिक अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि आरोपींची संख्या ३३ निघाली. इतक्या जणांना एकाच वेळी मनोविकार जडला, असे कोणीही म्हणणार नाही. येथे कामी आला तो चित्रफितीचा धाक आणि आपल्याला कोणी विचारणार नाही ही खात्री.

तरीही 'पूर्वी असे नव्हते' हे विधान आकड्यांशी जुळत नाही. देशात १९९२ साली ४० हजारांच्या आसपास खून नोंदले गेले होते. २०२२ मध्ये लोकसंख्या दीडपटीहून वाढलेली असताना हा आकडा २८,५२२ होता. अर्थात स्त्रिया व बालकांवरील अत्याचारांच्या नोंदी वाढल्या आहेत. त्यात प्रत्यक्ष वाढ किती आणि तक्रार करण्याचे धैर्य किती, हे वेगळे करणे अवघड आहे. माणसे अधिक अनैतिक होत चालली आहेत, असे जगभरच्या लोकांना दशकानुदशके वाटत आले आहे, हे 'नेचर'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ६० देशांतील पाहण्यांच्या अभ्यासात दिसून आले. संशोधकांनी तो भास ठरविला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ च्या खुनांमागील हेतूंमध्ये वादविवादांना पहिले स्थान दिले आहे. अशी ९,९६२ प्रकरणे होती. वैयक्तिक वैर ३,७६१ आणि लाभाचा हेतू १,८८४ प्रकरणांत होता. जमीन, पैसा, पाणी, कौटुंबिक भांडण अशी ही नीरस यादी आहे. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात तिचा प्रत्यय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना प्रतिस्पर्धी नेते महेश गायकवाड यांच्यावर थेट हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार केल्याच्या आरोपावरून अटक झाली. पार्श्वभूमी द्वारली येथील जमिनीच्या वादाची होती. शेतजमिनीचे भाव इमारतींच्या दराने ठरू लागलेल्या भागात असे वाद दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहतात. मनोविकाराची चर्चा या वेळी कोणी केली नाही, हेही बोलके आहे.

उपचारांची स्थिती मात्र खरोखर चिंतेची आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले. विकारानुसार त्यांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या 'आयपीएच' संस्थेसारखे अपवाद सोडले, तर रुग्णालयाच्या भिंतीबाहेर मनाच्या आरोग्याची सोय या विस्तीर्ण जिल्ह्यात तोकडीच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचारांचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बरे झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाविषयी राज्यांना निर्देश द्यावे लागले होते. मनोरुग्णालयांतील अनेक जण बरे होऊनही तेथेच राहतात, कारण घरची माणसे त्यांना न्यायला येत नाहीत.