भूक, वजन आणि धाराशिव : 'अंतःप्रेरित आहार' या संकल्पनेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

राजवटी, तह, लढाया व महसूलपद्धती यांची नोंद इतिहासाचे अभ्यासक तपशिलाने घेतात. तथापि त्या राजवटींत राहणारा सामान्य माणूस दिवसातून किती वेळा जेवत होता, भूक लागली म्हणून जेवत होता की वेळ झाली म्हणून, या प्रश्नांना आपल्या अभ्यासक्रमात अद्याप जागा मिळालेली नाही. प्रस्तुत निबंधात धाराशिव जिल्हा व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नांचा विचार केला आहे. त्याला निमित्त झाले ते एका परकीय संकल्पनेचे.

१९९५ साली एव्हलिन ट्रिबोल व एलिस रेश या दोन अमेरिकन आहारतज्ज्ञांनी 'इंट्युइटिव्ह ईटिंग' या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. या संकल्पनेसाठी येथे 'अंतःप्रेरित आहार' असा शब्द योजला आहे. भूक लागली की खावे, पोट भरल्याची खूण ओळखून थांबावे, कोणत्याही पदार्थावर निषिद्ध असा शिक्का मारू नये, मनाची अस्वस्थता अन्नाने बुजवू नये, अशा आशयाची दहा तत्त्वे त्यात मांडली आहेत. त्यांतील पहिलेच तत्त्व 'डाएट'ची मानसिकता सोडून देण्याचे आहे. अर्थात वजन कमी करणे हे या पद्धतीचे उद्दिष्ट नाही. कोणाचे वजन उतरेल, कोणाचे स्थिर राहील, कोणाचे वाढेलही. असे असूनही लोकव्यवहारात तिचा प्रसार 'उपाशी न राहता वजन घटवण्याचा मार्ग' असाच होताना दिसतो. जी पद्धत वजनाकडे पाठ फिरवण्यापासून सुरू होते तिच्याकडे लोक वजनासाठीच का येतात, आणि आपल्या भागात भुकेचे ऐकणे ही गोष्ट खरोखर कितपत शक्य होती, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

भाषेची साक्ष

भुकेचे प्रकार ओळखण्यासाठी मराठी माणसाला अमेरिकेतील पुस्तकाची गरज नव्हती. 'कडकडून भूक लागणे' आणि 'तोंड चाळवणे' यांतील भेद आपल्या घरातील निरक्षर आजीलाही ठाऊक होता. 'खा-खा', 'वखवख', 'जिभेचे चोचले', 'पोट भरले पण मन भरले नाही' हे सर्व शब्दप्रयोग पोटाची भूक व मनाची भूक वेगळी काढतात.

वजनाविषयीची भाषा मात्र आजच्या उलट दिशेची आहे. 'तब्येत सुधारली' याचा अर्थ आजही आमच्या भागात अंग भरले असाच घेतला जातो. 'खात्यापित्या घरचा' ही प्रशंसा आहे आणि 'वाळलास की रे' ही काळजी. बाळाच्या अंगावरील मांसाला 'बाळसे' असा स्वतंत्र व कौतुकाचा शब्द आहे. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. तुलादानात देहाचे वजन जितके अधिक तितके दान अधिक. तराजूच्या पारड्यात देह घालणे हा सन्मान होता. ज्या समाजाने दुष्काळ वारंवार पाहिले त्या समाजात अंगावरचे मांस ही शिल्लक ठेव मानली जावी, यात नवल नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'आपल्या पूर्वजांना हे सगळे माहीत होते' असे म्हणून विषय संपवण्याची सवय आपल्याकडे आहे. आयुर्वेदाचाच आधार घ्यायचा तर चित्र इतके सरळ नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक दोषांच्या संचारासाठी ठेवण्यास सांगितले आहे. हा विचार अंतःप्रेरित आहाराच्या जवळचा वाटतो. परंतु सूत्रस्थानात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंना निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या पुरुषांत गणले असून, अतिस्थूल माणसाची भूक वाताने प्रदीप्त झालेल्या अग्नीमुळे अवाजवी वाढते, असे प्रतिपादन आहे. म्हणजे भूक ही प्रत्येक वेळी विश्वासार्ह साक्षीदार असते, असे चरक मानत नाही. ट्रिबोल व रेश यांच्या मांडणीत ही शंका पुरेशी येत नाही, असे आमचे मत आहे.

मोजून दिलेली भूक

भुकेचे ऐकण्यासाठी आधी अन्न हाताशी असावे लागते. धाराशिवच्या इतिहासात ही अट किती वेळा पूर्ण झाली?

एकोणिसाव्या शतकात हा मुलूख नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ साली तो इंग्रजांकडे गेला व १८६० साली निजामाकडे परत आला. त्यानंतर दीड दशकाने, १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. शेजारचा सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दररोज एक पौंड धान्य व वर थोडेसे पैसे इतकीच मजुरी पुरेशी असल्याचे ठरवले. हे गृहस्थ १८६७ साली हैदराबादेत इंग्रजांचे रेसिडेंट होते, त्यामुळे दख्खन त्यांना अपरिचित नव्हता. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या मजुरीविरुद्ध काम नाकारले. गणेश वासुदेव जोशी व पुणे सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. मद्रास इलाख्यात आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी शास्त्रीय कारणे देऊन त्यास विरोध केला. वाद भुकेचाच होता, पण भुकेल्याला त्यात मत नव्हते. माणसाला किती पुरते हे त्याने सांगायचे नव्हते. ते तराजूने सांगायचे होते.

एक पौंड धान्य म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, स्थूलमानाने सोळाशे कॅलरी. हा आकडा द्वितीय वर्षाच्या वर्गात फळ्यावर लिहिला असता एका विद्यार्थिनीने उठून सांगितले, की मोबाईलवर मिळालेल्या तिच्या डाएटच्या तक्त्यात बाराशेच आहेत. वर्ग हसला. तो तास नंतर पूर्वी ठरवल्याप्रमाणे पुढे गेला नाही.

योगायोग असा, की जवळपास तितक्याच कॅलरींवर माणसाचे काय होते याचा प्रयोग पुढे अमेरिकेत झाला. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी युद्धसेवा नाकारलेल्या ३६ निरोगी स्वयंसेवकांना १९४५ मध्ये सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना दररोज मिळणारा आहार सुमारे १,५७० कॅलरींचा होता. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. ही माणसे चिडखोर व उदास झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके गोळा करू लागली. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना पोट भरल्याची जाणीव बराच काळ झाली नाही. दुष्काळाने असो की डाएटने, दीर्घकाळ दाबून ठेवलेली भूक आपली खूणच विसरते, असा याचा अर्थ होतो. अंतःप्रेरित आहाराच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे.

१९७२ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यात अजूनही कालगणनेचे साधन आहे. 'बहात्तरच्या आधी', 'बहात्तरनंतर' अशी वये सांगितली जातात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख लोक होते. खडी फोडणे, पाझर तलाव, बडिंगची कामे, त्या कामांवर मिळणारी सुकडी आणि आयात केलेली मिलो ज्वारी हे सर्व वृद्धांच्या बोलण्यात आजही येते. मिलोच्या भाकरीची चव सांगताना तोंड वाकडे न करणारा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. चवीचा अधिकार गमावल्याची ती आठवण आहे. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

दुष्काळ नसतानाही घरातील प्रत्येकाला आपल्या भुकेचे ऐकण्याची मुभा नव्हती. पुरुषांची पंगत, मग मुलांची आणि शेवटी उरलेल्यात बायकांची, हा क्रम नुकताच मागे पडू लागला आहे. काही घरांत तो तसाच आहे. शेवटी जेवणारी स्त्री किती भूक आहे यावर जेवत नसे, टोपलीत किती भाकरी उरल्या आहेत यावर जेवत असे.

उपवास : न खाण्याचा दुसरा अर्थ

न खाणे हे सर्वत्र अभावाचेच चिन्ह नाही. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या स्त्रिया जिल्ह्यात घरोघरी आहेत. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथेच सल्लेखना घेतली व ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, देह ठेवला. जैन आचारात 'अवमौदर्य' नावाचे एक तप आहे : भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. त्यासाठी आपली भूक नेमकी किती हे आधी कळावे लागते. (त्याच कुंथलगिरीचा खवा व पेढा प्रसिद्ध आहे, हेही नोंदवले पाहिजे, या जिल्ह्यात दोन्ही एकत्र नांदतात.)

या परंपरांत देहाचे वजन हा विषयच नव्हता. अलीकडे मात्र 'उपवासाने वजन उतरते का' हा प्रश्न भाविकही विचारतात. साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहता उत्तर देणे अवघड नाही.

दोन वेळा की दर दोन तासांनी

१९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती गेल्या दशकात महाराष्ट्रभर पोहोचली. तिची मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांची, असे दीक्षित स्वतः सांगतात. ज्या दोन वेळी खरी भूक लागते त्या ओळखाव्यात, त्या दोनच वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांपलीकडे काही घेऊ नये, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. दर वेळी खाल्ल्यावर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, असा तर्क त्यामागे आहे. याउलट ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा आग्रह धरला होता. २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद मराठी वृत्तपत्रांत रंगला. आमच्या स्टाफरूममध्येही डब्यांच्या वेळा बदलल्या आणि वर्षानुवर्षे एकत्र जेवणारे दोन सहकारी वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले.

या पद्धतींच्या वैद्यकीय गुणदोषांचा निर्णय करणे हे इतिहासाचे काम नाही; मधुमेहाची औषधे अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात, इतके सांगणे पुरे. इतिहासाच्या दृष्टीने दखलपात्र आहे ते दीक्षितांच्या पद्धतीतील पहिले पाऊल. ते पूर्णतः अंतःप्रेरित आहाराचे आहे : खरी भूक ओळखा. दुसऱ्या पावलावर मात्र ती भूक घड्याळाला बांधली जाते आणि तिसऱ्यावर वजनाच्या काट्याला. भूक हे गंतव्य न राहता साधन होते. आमच्या भागात ही पद्धत इतकी रुजली यामागे आणखी एक कारण संभवते. शेतात राबणाऱ्या माणसाला दोन वेळच्या भाकरीची आठवण होती. दर दोन तासांनी खाणे त्याला श्रीमंतांचे वाटले.

वजनाचे स्थान

मग वजनाला काहीच स्थान देऊ नये काय? येथे मराठी भूमीवरच झालेले संशोधन आडवे येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती स्त्रिया व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्यातील चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. कमी पडले होते ते स्नायू. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ इतकाच होता. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के व युडकिन यांची ९.१ टक्के. काटा दोघांना सारखे म्हणत होता, देह सारखे नव्हते.

आईच्या पोटातील उपासमार मुलाच्या मध्यमवयीन मधुमेहात दिसू शकते, असे हे संशोधन सुचवते. बहात्तरच्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी नाही. आता ज्वारीच्या रानात सोयाबीन व ऊस आहे. सोयाबीन विकले जाते, खाल्ले जात नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळू लागले, ते मुख्यतः गहू व तांदूळ. शाळूची भाकरी महाग झाली आणि बिस्किटाचा पुडा स्वस्त राहिला. अशा बाजारात 'देहाला हवे ते खा' हा उपदेश पुरेसा नाही, कारण देहाने मागावे असे अन्न दुकानदारच आधी ठरवतो. तेव्हा रक्तशर्करा व कंबरेचा घेर यांकडे लक्ष देणे भाग आहे. पण वजनाचा आकडा हे उद्दिष्ट ठरवले की भुकेची खूण पुसली जाते, असे आम्हांस वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, तर २३.४ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल होत्या. रक्तक्षय ५४.२ टक्के स्त्रियांत आढळला. आधीच्या पाहणीत (२०१५-१६) तो ४८ टक्के होता. याचा अर्थ रक्तक्षय केवळ कृश स्त्रियांपुरता नाही, आणि वजन घटवू पाहणाऱ्या मुलींतही तो असणारच.

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी आरोग्य तपासणी होते. तक्त्यात उंची, वजन व रक्तगट असे रकाने असतात. मुली काट्यावर चढण्यापूर्वी चपला काढतात, काही जणी ओढणीही बाजूला ठेवतात. गेल्या वर्षी आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला : 'आज सकाळी काय खाल्ले?' सकाळी सहाची एसटी धरून येणाऱ्या कित्येक मुलींनी त्यात 'चहा' लिहिले. काहींनी तो रकाना मोकळा ठेवला, आणि एकीने लिहिणाऱ्या शिपायाला विचारले, की याचेही मार्क आहेत का.