भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालणारे हॉटेल

खास प्रतिनिधी

इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन परगण्यात बिगबरी-ऑन-सी नावाचे एक चिमुकले गाव आहे. गावासमोर अवघ्या अडीचशे मीटर अंतरावर बर्ग आयलंड हे खडकाळ बेट दिसते. ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत या बेटावर जाता येते. भरती सुरू झाली की दोन्ही बाजूंनी पाणी चढत येते, वाळूची वाट त्याखाली जाते आणि पुढचे काही तास बेटाचा भूमीशी संबंध तुटतो. या बेटावर १९२९ साली बांधलेले, जेमतेम पंचवीस खोल्यांचे एक पांढरेशुभ्र हॉटेल आहे. २०२३ मध्ये ते विक्रीला निघाले, तेव्हा अपेक्षित किंमत होती दीड कोटी पौंड. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दीडशे कोटी रुपये.

एवढी रक्कम मोजून विकत घेणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न ऐतिहासिक हॉटेलांच्या बाबतीत नेहमीच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी बर्ग आयलंडइतके बोलके उदाहरण विरळाच.

गायकाच्या लाकडी घरापासून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज चर्गविन या लोकप्रिय रंगमंच गायकाने या बेटावर लाकडी घर बांधले. त्यापूर्वी बेटाची ओळख होती ती मासेमारांचे ठाणे अशी. आपल्याकडच्या तारलीच्या कुळातील पिल्चर्ड माशांचे थवे हेरण्यासाठी टेकडीच्या माथ्यावर टेहळणीची झोपडी होती. 'पिल्चर्ड इन' हा बेटावरचा जुना मद्यालय-वजा मुक्काम तर चौदाव्या शतकातील असल्याचे सांगितले जाते.

१९२७ साली चित्रपटनिर्माते आर्चिबाल्ड नेटलफोल्ड यांनी बेट विकत घेतले आणि वास्तुशिल्पी मॅथ्यू डॉसन यांच्याकडून आर्ट डेको शैलीतील हे हॉटेल उभारून घेतले. सरळ रेषा, गोलाई दिलेले कोपरे आणि पांढऱ्या भिंती हे या शैलीचे रूप मरीन ड्राइव्हवरून रोज जाणाऱ्या मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती यांचे या बेटाशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) आणि 'इव्हिल अंडर द सन' (१९४१) या कादंबऱ्यांतील बेटांची कल्पना त्यांना येथेच सुचली, असे मानले जाते. पाण्याने वेढलेली मोजकी माणसे आणि बाहेर पडायला वाट नाही, ही रहस्यकथेची चौकट येथे भरती दिवसातून दोनदा आयती आखून देते.

मुंबईच्या गोदीतील केबिन

या हॉटेलात मुंबईचाही एक अंश आहे. 'एचएमएस गँजेस' ही ८४ तोफांची युद्धनौका मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १० नोव्हेंबर १८२१ रोजी तिचे जलावतरण झाले. वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानात घडलेल्या जहाजांपैकी ती एक. परदेशी ठाण्यावर ब्रिटिश नौदलाचे ध्वजजहाज म्हणून काम करणारी ती अखेरची शिडाची नौका ठरली. पुढे अनेक वर्षे नौदलातील मुलांना प्रशिक्षण देण्यासाठी तिचा उपयोग झाला. १९३० च्या सुमारास ती मोडीत काढण्यात आली, तेव्हा तिच्या कप्तानाची केबिन विकत घेऊन हॉटेलच्या इमारतीत जोडण्यात आली. तिच्या खिडक्या आजही समुद्राकडेच उघडतात.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

दुसऱ्या महायुद्धात येथे जखमी वैमानिकांच्या विश्रांतीची सोय करण्यात आली होती. त्याच काळात बॉम्बहल्ल्यात वरच्या मजल्यांची हानी झाली. युद्धानंतर हॉटेलला उतरती कळा लागली. पुढे तर इमारतीचे तुकडे पाडून तेथे स्वतः स्वयंपाक करून राहण्याच्या सदनिका करण्यात आल्या. वास्तू उभी होती, पण हॉटेल संपले होते. १९८५ मध्ये टोनी आणि बिॲट्रिस पोर्टर या दांपत्याने बेट घेतले आणि जुने रूप परत आणण्याचे काम हाती घेतले. त्यानंतर २००१ आणि २०१८ मध्ये मालकी बदलली, तरी दोन्ही वेळा हॉटेल हॉटेलच राहिले.

मालकी कोणाची, अधिकार किती?

ही इमारत ब्रिटनच्या वारसा यादीत द्वितीय श्रेणीत नोंदलेली आहे. अशा वास्तूच्या स्वरूपावर परिणाम करणारा कोणताही बदल परवानगीशिवाय केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो, मग बदल आतला असो वा बाहेरचा. १९९० च्या संबंधित कायद्यानुसार वास्तूची हेळसांड होत असल्यास स्थानिक प्रशासन मालकाला दुरुस्तीची नोटीस बजावू शकते. तिची दखल न घेतल्यास सक्तीने संपादनापर्यंत वेळ जाऊ शकते. थोडक्यात, खरेदीदार मालक होतो खरा. परंतु मर्जीप्रमाणे पाडण्या-बांधण्याची मुभा त्याला नसते.

दुसरी अट समुद्राची. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरली की आतील लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. मुंबईच्या किनाऱ्यावरील इमारतींनाही हेच दुखणे आहे. येथे त्यात दळणवळणाची भर पडते. सिमेंटच्या गोणीपासून पाहुण्यांच्या बॅगांपर्यंत सारे भरती-ओहोटी पाहूनच न्यावे लागते. भरतीच्या वेळी पाहुण्यांना नेण्यासाठी उंच खांबांवर फलाट बसवलेला 'सी ट्रॅक्टर' आहे. त्याची चाके पाण्याखालच्या वाळूवरून चालतात आणि प्रवासी लाटांच्या वर उभे असतात. सध्याची बांधणी १९६९ ची. अशा वाहनाचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ही बाबही खर्चाच्या हिशेबात धरावी लागते.

पंचवीस खोल्यांच्या उत्पन्नातून हा सारा भार पेलायचा, हीच अशा हॉटेलांची खरी अडचण आहे. खोल्या वाढवाव्यात तर वारशाचे नियम आडवे येतात. न वाढवाव्यात तर दुरुस्तीचा खर्च निघत नाही. तुकडे करून विकण्याचा मोह अशा वेळीच होतो आणि त्याचा परिणाम या बेटाने एकदा अनुभवलेला आहे. म्हणूनच अशा विक्रीत किमतीच्या आकड्याइतकाच खरेदीदाराचा हेतूही महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या सागवानी केबिनमध्ये बसून समुद्र पाहण्याची सोय पुढच्या पिढीला राहणार की नाही, हे त्यावरच अवलंबून आहे.