पवईच्या अक्षरविद्येची कारकीर्द

मुंबईच्या उत्तर उपनगरांत गोरेगावच्या पूर्वेस पसरलेल्या आरे वसाहतीचा इतिहास सामान्यतः दुधाच्या इतिहासापुरताच सांगितला जातो. आणि दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 साली शहरातील म्हशींचे तबेले या डोंगराळ मुलखात हलविण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्याची थोरवी पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु याच वनप्रदेशाला लागून, पवई तलावाच्या पलीकडे, 1958 साली भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, 1969 साली तिच्यात औद्योगिक अभिकल्प केंद्राची स्थापना झाली, आणि मराठी अक्षराच्या आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण तेथे लिहिले गेले. त्या प्रकरणाचे नायक रघुनाथ कृष्ण जोशी होत.

त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी मुद्रणास जे सौष्ठव दिले, त्यामागे शेकडो निरनिराळे खिळे पाडण्याचे आणि ते हाताने जुळविण्याचे अपार परिश्रम होते. पुढे जुळणीची यंत्रे आली तेव्हा त्यांच्या मोजक्या कळांत जोडाक्षरे, वेलांट्या आणि उकार मावेनात. म्हणून अक्षरांचीच काटछाट करावी, असा विचार बळावला.

हा पेच केवळ आपलाच नव्हता. हॉलंडमधील विख्यात ग्राफिक डिझायनर विम क्राउवेल यांनी 1967 साली, पडद्यावर अक्षरे उमटविणाऱ्या नव्या यंत्रांना वक्ररेषा नीट साधत नाहीत हे ओळखून, केवळ उभ्या-आडव्या रेषांची एक वर्णमाला रचली. ती त्यांनी प्रयोग म्हणूनच मांडली, तरी तिची दिशा स्पष्ट होती: यंत्राच्या मर्यादेपुढे अक्षराने नमावे.

जोशी यांनी नेमकी विरुद्ध वाट धरली. सर ज. जी. कलासंस्थेत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन, उल्का या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ कलादिग्दर्शन केल्यानंतर, 1983 पासून ते पवईच्या केंद्रात अध्यापन करू लागले. कवी म्हणून शब्दाच्या दृश्यरूपाशी, आणि सुलेखनकार म्हणून बोरूच्या कोनाशी व दाबाशी त्यांचा निकट परिचय होता. अक्षराचे वळण हा हाताच्या गतीचा परिणाम असल्यामुळे, ती गती समजून घेतल्यावाचून संगणकासाठी अक्षर घडविणे व्यर्थ आहे, ही त्यांच्या कार्याची बैठक होती.

तिचे फळ पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात दिसले. तेथे सहकाऱ्यांसह त्यांनी घडविलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 2000 या प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचला. शिरोरेखा, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा मेळ जुळविण्याचे काम आता यंत्राकडे आले. सरकारी दप्तरांतील अर्ज, परिपत्रके आणि दाखले पुढे वर्षानुवर्षे या अक्षरांत उमटत राहिले. 2008 साली जोशी निवर्तले.

खिळे पाडणारे, अक्षरे आखणारे आणि टंक घडविणारे यांची नावे आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ येतच नाहीत, ही उणीव भरून निघाली पाहिजे. मराठी प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाच्या मुद्रणपृष्ठावर टंकाचे आणि त्याच्या कर्त्याचे नाव छापण्याचा प्रघात पाडावा. ज्यांच्या अक्षरांतून आपण वाचतो, त्यांचे एवढे ऋण तरी आपण मान्य केलेच पाहिजे.