थंडरबर्ड : दत्तकांचे घराणे

'कूपे' हा शब्द मराठी वाचकाला परिचित झाला तो आगगाडीमुळे. पहिल्या वर्गाच्या डब्यातील दोघांपुरता खण म्हणजे कूपे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेला' असा आहे; चौघांच्या घोडागाडीतील पुढची बैठक कापून टाकल्यावर जी दोघांची गाडी उरली ती कूपे. पुढे मोटारी आल्या तेव्हा दोन दारांच्या, बंद टपाच्या गाडीला हे नाव चिकटले. मोटारीच्या कूपेत मागे आसने असू शकतात, पण तिचा सारा रोख पुढे बसणाऱ्या दोघांवर असतो. कुटुंबाच्या सोयीतून काहीतरी वजा केल्याशिवाय कूपे सिद्ध होत नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९५५ ते २००५ या अर्धशतकात, मधला चार वर्षांचा खंड सोडता, 'थंडरबर्ड' या नावाने जी गाडी विकली तिचा इतिहास या वजाबाकीचा इतिहास आहे. आणि ती वजाबाकी नको असलेल्या गिऱ्हाइकांचाही आहे.

या गाडीच्या एकूण अकरा पिढ्या मानल्या जातात. 'पिढी' हा शब्द मोटारींच्या इतिहासात इतका सरावाचा झाला आहे, की त्यातले गृहीतक आपल्या ध्यानात येत नाही. पिढी म्हटली की वंश आला, रक्त आले, बापाकडून लेकाकडे जाणारा नाकीडोळीचा वारसा आला. थंडरबर्डच्या बाबतीत मात्र हे रूपक पहिल्या फेरीतच कोलमडते. येथे नाव वडिलांकडून मिळते, पण देह दर वेळी दुसऱ्याच घरातून येतो. या व्यवहाराला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : दत्तकविधान. थंडरबर्ड हे दत्तकांचे घराणे आहे, आणि तसे ते मानल्याशिवाय त्याच्या इतिहासाचा अर्थ लागत नाही, असे आमचे प्रतिपादन आहे.

पहिले दत्तकविधान नावाचेच. (आपल्याकडे हे नाव उच्चारताच रॉयल एनफिल्डची मोटारसायकल आठवणारे पुष्कळ असतील, तिचा या घराण्याशी काही संबंध नाही.) उत्तर अमेरिकेतील अनेक मूलनिवासी समाजांच्या पुराणकथांत एक महापक्षी येतो. त्याच्या पंखांच्या फडफडाटाने मेघगर्जना होते, तो पाऊस आणतो. ज्या लोकांच्या जमिनी गेल्या त्यांच्या देवकथेतील पक्षी विसाव्या शतकाच्या मध्यावर डेट्रॉइटच्या एका गाडीच्या नाकाडावर येऊन बसला. नाव घेतले गेले, कथा मात्र बरोबर आली नाही. पुढे या नावाचे जे जे झाले त्याचे बीज या पहिल्या उचलेगिरीतच दिसते.

१९५३ साली शेव्हरोलेने 'कॉर्व्हेट' ही दोन आसनी गाडी आणली. तिला उत्तर म्हणून फोर्डने फेब्रुवारी १९५४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात थंडरबर्डचा नमुना मांडला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून १९५५ च्या सालाची गाडी म्हणून ती विक्रीस आली. फ्रँक हर्शी आणि विल्यम बॉयर यांच्या रेखाटनांतून साकारलेली ही गाडी काटेकोर अर्थाने कूपे नव्हती. उघड्या गाडीवर फायबरग्लासचा टप बसवला की ती कूपे होई. त्या वेळच्या कॉर्व्हेटला दाराच्या वर-खाली होणाऱ्या काचाही नव्हत्या. थंडरबर्डला त्या होत्या, शिवाय ४.८ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. फोर्डने तिला स्पोर्ट्स कार म्हटले नाही, 'पर्सनल कार' म्हटले. कुटुंबाची गाडी वेगळी आणि माझी वेगळी, ही युद्धोत्तर सुबत्तेतील कल्पना या दोन शब्दांत सामावली होती. पहिल्या वर्षी सोळा हजारांवर थंडरबर्ड विकल्या गेल्या. कॉर्व्हेट तयार झाल्या अवघ्या सातशे.

जाणकारांच्या मते हाच या घराण्याचा मूळ पुरुष, आणि पुढचा सारा इतिहास त्याच्यापासून ढळत जाण्याचा. पण या मूळ पुरुषाचे तरी काय? त्याचे इंजिन, दिवे आणि कितीतरी सुटे भाग फोर्डच्या घरातील इतर मोठ्या गाड्यांवरून आलेले होते. पुढे जो गोल खिडक्यांचा टप थंडरबर्डची ओळख ठरला, तोही १९५५ मध्ये नव्हता. टप लावल्यावर चालकाला तिरके मागचे दिसत नाही, अशी तक्रार आल्यामुळे १९५६ मध्ये त्या खिडक्या देण्यात आल्या. डिकीत जागा पुरेना म्हणून त्याच वर्षी जादा चाक मागे बाहेर टांगले गेले, आणि १९५७ मध्ये शेपूट लांबवून ते पुन्हा आत घेतले गेले. ज्याला आपण मूळ स्वरूप म्हणतो ते तीन वर्षेही स्थिर नव्हते.

१९५८ मध्ये पहिली मोठी फारकत झाली. फोर्ड विभागाची सूत्रे तेव्हा रॉबर्ट मॅक्नामारा यांच्याकडे होती. पुढे केनेडींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झालेले आणि व्हिएतनाम युद्धाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले तेच हे मॅक्नामारा. आकड्यांच्या या माणसाला दोन आसनांचे गणित पटणारे नव्हते. नवी थंडरबर्ड चार आसनी झाली. तिची बांधणी वेगळ्या चौकटीवर न करता कवच आणि सांगाडा एकजीव करून झाली, आणि मिशिगनमधील विक्सम येथील नव्या कारखान्यात ती लिंकन गाड्यांच्या शेजारी तयार होऊ लागली. गाडी इतकी बुटकी होती, की इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा झाकण्यासाठी दोन आसनांच्या मध्ये उंच बोगदा करावा लागला. रेखाटनकारांनी त्या अडचणीवरच बटणे, राखदाणी, रेडिओचा कर्णा बसवून तिचे अलंकारात रूपांतर केले. आज ज्या गाडीत दोन आसनांच्या मधला तो भाग नाही अशी गाडी शोधावी लागेल. त्याच्या प्रसारात या अडचणीचा वाटा मोठा आहे.

दोन आसनी गाडीच्या चाहत्यांना हा द्रोह वाटला. आकडे काय सांगतात? दोन आसनी थंडरबर्ड तीन वर्षांत मिळून सुमारे त्रेपन्न हजार विकल्या गेल्या. चार आसनी गाडी एकट्या १९६० मध्ये नव्वद हजारांच्या पुढे गेली. मोटर ट्रेंड या मासिकाने १९५८ चा 'वर्षातील गाडी' हा बहुमानही तिलाच दिला. म्हणजे पहिला दत्तकच घराण्याचा खरा संस्थापक ठरला.

साठच्या दशकातील दोन पिढ्यांविषयी फारसा वाद नाही. १९६१ ची बंदुकीच्या गोळीसारखी निमुळती गाडी आणि १९६४ ची कोरीव कडांची गाडी, दोन्ही देखण्या. १९६५ मध्ये मागचे दिवे वळणाच्या दिशेने एकामागून एक पेटत जाऊ लागले आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. पण संकट घरातूनच आले. एप्रिल १९६४ मध्ये फोर्डनेच 'मस्टँग' बाजारात आणली. तरुण, स्वस्त, दोन दारांची, स्वतःपुरती गाडी हे जे थंडरबर्डचे मूळ वचन, ते मस्टँगने थोड्या पैशांत पुरे केले. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर मस्टँग खपल्या. धाकट्या भावाने वाडवडिलांची जमीन कसायला घेतल्यावर थोरल्याला हवेलीत जाऊन बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९६७ मध्ये उघड्या टपाची थंडरबर्ड बंद झाली आणि चार दारांची आली. कूपे म्हणजे वजाबाकी, ही व्याख्याच तिने मोडली.

१९७२ पासूनची सहावी पिढी म्हणजे लिंकन काँटिनेंटल मार्क ४ या गाडीची जुळी बहीण. चार दारे गेली, कूपे परत आली, पण कोणत्या आकारात? १९५५ ची गाडी साडेचार मीटरच्या आसपास लांब आणि सुमारे १,३५० किलो वजनाची होती. १९७६ ची पावणेसहा मीटरच्या जवळ पोचलेली आणि दोन टनांहून जड. इंजिन साडेसात लिटरचे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा विक्रीला असलेली थंडरबर्ड ही होती. त्याच वर्षी जॉर्ज लुकसचा 'अमेरिकन ग्राफिटी' हा चित्रपट आला. १९६२ मधील एका रात्रीच्या या कथेत पांढऱ्या १९५६ च्या थंडरबर्डमधील एक सुंदरी नायकाला दिसते आणि शेवटपर्यंत हाती लागत नाही. पडद्यावरचा पक्षी स्वप्नवत होता आणि दुकानातला भारदस्त. मूळ पुरुषाची दंतकथा रचली गेली ती वंशज स्थूल झाल्यानंतर, हा क्रम लक्षात घ्यावा लागतो.

१९७७ मध्ये फोर्डने नाव उचलून मध्यम आकाराच्या, बेताच्या गाडीवर ठेवले. किंमत सुमारे २,७०० डॉलरांनी खाली आली. त्या वर्षी तीन लाखांहून अधिक आणि १९७८ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक थंडरबर्ड विकल्या गेल्या. हा या घराण्याचा सर्वोच्च विक्रम, आणि ज्या पिढीविषयी जाणकार सहसा बोलत नाहीत तीही हीच. यात नव्याने अवतरलेला गुण कोणता, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल : नाव. बावीस वर्षांची प्रतिष्ठा मध्यमवर्गाला परवडेल अशा हप्त्यांत विकायला काढली होती. मात्र अशी ठेव मोडून खाता येते ती एकदाच. १९८० ची आठवी पिढी आणखी लहान, खोक्यासारखी चौकोनी झाली, आणि १९८२ मध्ये विक्री पंचेचाळीस हजारांवर आली.

येथे कथा संपायला हवी होती. पण १९८३ मध्ये जॅक टेलनॅक यांच्या हाताखालील रेखाटनकारांनी त्याच सांगाड्यावर वाऱ्याला वाट करून देणारा गोलसर देह चढवला. तो सांगाडा मस्टँगचाही होता. थोरल्याने आता धाकट्याच्या घरी आश्रय घेतला होता. या गाडीत जुन्या थंडरबर्डची एकही खूण नव्हती, तरीही ती चालली, आणि तिच्यातील आकारविचार पुढे १९८६ च्या 'टॉरस'द्वारे फोर्डच्या साऱ्या गाड्यांत पसरला. १९८७ मध्ये टॅलाडेगाच्या शर्यतपथावर बिल एलियटने थंडरबर्डमधून ताशी सुमारे ३४२ किलोमीटर वेगाने फेरी पुरी केली. त्यानंतर अशा पथांवर इंजिनांची हवा कमी करणारी चकती सक्तीची झाल्यामुळे नॅसकारमधील तो पात्रता फेरीचा विक्रम आजवर अबाधित आहे. १९८९ च्या दहाव्या पिढीला तर मागच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. यंत्र म्हणून ती उत्तम होती, पण ठरलेल्या वजनाच्या आणि खर्चाच्या मर्यादा तिने ओलांडल्या. दरम्यान अमेरिकन गिऱ्हाईक कूपेकडून उंच, चौकोनी एसयूव्हीकडे वळले होते. १९९७ मध्ये हे घराणे थांबले.

२००२ मध्ये ते परत आले, आणि आमच्या विषयाचा मर्म येथे आहे. जे. मेज यांच्या देखरेखीखाली रेखाटलेली ही गाडी पुन्हा दोन आसनांची होती. काढता येणारा टप आणि त्यावर १९५६ च्या गोल खिडक्या होत्या. पंचेचाळीस वर्षे जाणकार जे मागत होते ते फोर्डने अक्षरशः हातात ठेवले. एका उंची दुकानाच्या नाताळ-यादीतील दोनशे खास गाड्या काही तासांत संपल्या. पण चार वर्षांत मिळून सत्तर हजारही विकल्या गेल्या नाहीत. स्मृतीला भुलणारे जेवढे होते तेवढ्यांनी पहिल्या वर्षीच गाडी घेतली. त्यांच्यामागे रांग नव्हती. आणि या सर्वाधिक 'अस्सल' चेहऱ्याखालचा सांगाडा होता लिंकन एलएस आणि जॅग्वार एस-टाइप यांचा, म्हणजे अर्धा विलायती. मूळ पुरुषाची हुबेहूब प्रतिमाही दत्तकच निघाली. २००५ मध्ये ती बंद झाली. विक्समचा कारखानाही २००७ मध्ये बंद पडला.

१८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचे दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा केले. औरस वारस नसेल तर वारसच नाही, हे त्याचे सूत्र. मोटारींचे जाणकार, आणि खरे तर आपण साहित्याचे अध्यापकही, इतिहास लिहिताना हेच सूत्र नकळत वापरतो. एक आद्य, विशुद्ध काळ ठरवायचा आणि नंतरच्यांना 'ऱ्हासकाळ' म्हणून खालसा करायचे. थंडरबर्डच्या सुमारे चव्वेचाळीस लाख गाड्यांपैकी या सूत्राने औरस ठरतात त्या त्रेपन्न हजार. उरलेल्यांत बसून ज्यांनी आयुष्याचे रस्ते कापले त्यांचा इतिहास कोणी लिहायचा? 'थेल्मा अँड लुईस' या १९९१ च्या चित्रपटातील दोन मैत्रिणी ज्या गाडीतून कड्याकडे झेपावतात ती १९६६ ची, चार आसनी, 'भ्रष्ट' पिढीतली. तिच्याइतकी मोकळीक त्या मूळ दोन आसनी गाडीने तरी कोणाला दिली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

यावर कॉर्व्हेटचा दाखला दिला जाईल : ती दोन आसनीच राहिली, आणि अजून जिवंत आहे. ते खरेच आहे, पण २०२० च्या पिढीत तिचेही इंजिन पुढून उचलून आसनांच्या मागे गेले, आणि तेव्हाही द्रोहाची ओरड झाली. मस्टँगचे नाव आता एका चार दारांच्या विद्युत गाडीवरही आहे, आणि अस्सल मस्टँग कोणती हा वाद नव्याने रंगतो आहे. त्या वादात पडण्यापूर्वी थंडरबर्डचा ताळेबंद पाहावा. हे नाव दर वेळी परक्या देहात शिरले आणि जगले; विकून खाल्ले गेले तेव्हा दुबळे झाले, आणि फक्त स्वतःच्याच बालपणात परतू पाहिले तेव्हा निमाले. दत्तक घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न कधी नव्हताच. घेतलेल्याला घराने काय दिले, एवढेच पाहायचे असते.