लोफ

इंग्रजीच्या वहीत ‘टू ब्रेड्स’ लिहिलं की लाल रेघ ठरलेली. ब्रेड मोजायचा तर ‘लोफ’ नाहीतर ‘स्लाइस’ हवा. आपण ‘दोन पाव द्या’ म्हणून मोकळे! गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत लोफ, म्हणजे तेव्हाचा ‘ह्लाफ’, हाच ब्रेड होता. नंतर अर्थ आकसून तो नुसता अख्ख्या ब्रेडचा नग उरला. पण त्याचा थाट बघा: ‘ह्लाफवेअर्ड’, ब्रेड राखणारा, तो झाला ‘लॉर्ड’. ‘ह्लाफडिगे’, ब्रेडचं पीठ मळणारी, ती ‘लेडी’. मळलेल्या पिठाचा ‘डो’ही या ‘डिगे’चाच नातलग.

आपला पाव पोर्तुगिजांकडचा. पाव किलोतला पाव मात्र संस्कृत ‘पाद’, चौथा हिस्सा. बेकरीत पाव किलो पाव मागून बघा एकदा.